एकच सोहळा, पाच पडदे : व्हिडिओ एक्सपोर्ट करताना कोणत्या सेटिंग ठेवायच्या

माझ्या मोठ्या आत्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं, त्याची फिल्म मीच केली. एडिटिंग संपलं तेव्हा टाइमलाइनवर १ तास ४० मिनिटं उरली होती. मग मागण्या सुरू झाल्या. आत्याला घरच्या टीव्हीवर पेनड्राइव्ह लावून बघायचं होतं. तिचा मुलगा अमेरिकेत, त्याला यूट्यूबची लिंक हवी होती. नातवंडांना औक्षणाचा तेवढा तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर. गावाकडचे काका अजून डीव्हीडी प्लेअरच वापरतात. आणि महिन्याभराने ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर दाखवायचं ठरलं होतं.

या पाचही ठिकाणी एकच फाइल चालत नाही. हे मी एका मुंजीच्या वेळी शिकले. फोनवर एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला टिपणारा प्रकार) शूट केलेलं सगळं तसंच १०-बिट एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून साठवण्याची नवी पद्धत, रंगांच्या जास्त छटांसह) एक्सपोर्ट करून दिलं. माझ्या लॅपटॉपवर ते सुरेख दिसत होतं. त्यांच्या घरी पंधरावीस पाहुणे टीव्हीसमोर बसले, मंत्र ऐकू येऊ लागले आणि पडदा काळाच राहिला. मुंजा मुलाची पणजी तेवढ्यासाठी दुसऱ्या गावाहून आली होती. त्या दिवसापासून माझा क्रम ठरला आहे: आधी कुठे बघणार ते विचारायचं, मग एक्सपोर्टच्या खिडकीत शिरायचं.

आधी कागदावर यादी

प्रत्येक बघणाऱ्यासमोर त्याचं यंत्र लिहा. टीव्ही असेल तर तो फोरके आहे की फुल एचडी, आणि साधारण किती वर्षांचा आहे. पेनड्राइव्ह कोणत्या फॉरमॅटचा आहे. हॉल असेल तर प्रोजेक्टरला काय जोडणार: लॅपटॉप की पेनड्राइव्ह? फोनवर टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो मागवला तरी पुरतं, मॉडेल नंबरावरून मॅन्युअल सापडतं आणि त्यात चालणाऱ्या फॉरमॅटचा तक्ता असतो. या दहा मिनिटांनी पुढचे दोन दिवस वाचतात.

मग एक मास्टर

यादीतल्या कुठल्याही यंत्रासाठी थेट टाइमलाइनवरून एक्सपोर्ट करत बसू नका. आधी एकच जड, उत्तम दर्जाची मास्टर फाइल काढा आणि बाकीच्या सगळ्या प्रती तिच्यातून तयार करा. मॅकवर प्रोरेस ४२२, विंडोजवर डीएनएक्सएचआर एचक्यू; दोन्ही एडिटिंगसाठीचे, कमी दाबलेले फॉरमॅट. प्रोरेस ४२२ ला फुल एचडी २५ फ्रेमला सेकंदाला साधारण १२२ मेगाबिट लागतात, म्हणजे आमच्या १०० मिनिटांची फाइल ९० जीबीच्या आसपास. एवढी जागा नसेल तर ५० एमबीपीएसवर (सेकंदाला ५० मेगाबिट) एच.२६४ काढा, ती ३७-३८ जीबीत बसते आणि घरगुती कामाला पुरते.

मास्टर काढताना रिझोल्यूशन आणि फ्रेमरेट टाइमलाइनचेच ठेवा. २५ चे ३० किंवा ३० चे २५ हा बदल एक्सपोर्टच्या वेळी कधीच करू नका, कॅमेरा फिरताना चित्र अडखळत सरकतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे कॅमेरेवाले २५ किंवा ५० फ्रेमवर शूट करतात. फोन मात्र मुळात ३० वर असतो. हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली फोनच्या क्लिपमध्ये जे पट्टे लपलपतात ते यामुळेच. शूटिंगच्या वेळी प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक वेळा जातात.

फोनचा आणखी एक त्रास आहे. त्याचा फ्रेमरेट स्थिर नसतो, प्रकाश कमीजास्त होईल तसा तोही बदलतो. अशा क्लिपमध्ये सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, वीस मिनिटांनी आवाज पुढे पळालेला असतो. त्यावर उपाय एडिटिंगच्या आधीच करायचा: हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये क्लिप घालून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा आणि नवी क्लिप टाइमलाइनवर घ्या. आयफोनच्या एचडीआर क्लिप असतील तर त्याही टाइमलाइनवर रेक.७०९ मध्ये (टीव्हीचे नेहमीचे, एचडीआर नसलेले रंग) आणून घ्या. नाहीतर चेहरे पांढरेफटक किंवा राखाडी दिसतात.

बिटरेट: सगळा खेळ इथे आहे

एक्सपोर्टच्या खिडकीत पंचवीस पर्याय असतात. त्यातला सगळ्यात जास्त परिणाम करणारा एकच: बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या चित्राला किती माहिती खर्चायची. फाइलचा आकार त्यावरच ठरतो, रिझोल्यूशनवर नाही. हिशेब शाळेतला आहे. बिटरेटला सेकंदांनी गुणा, ८ ने भागा. ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ एमबी, मिनिटाला ६० एमबी, तासाला ३.६ जीबी. एवढं एक पाठ असलं की बाकीचं तोंडी जमतं. आमची फिल्म ६,००० सेकंदांची, म्हणजे ८ एमबीपीएसला ६ जीबी.

पण सगळ्या सेकंदांना सारखी माहिती लागत नाही. गुरुजी संकल्प सांगत आहेत, कॅमेरा स्टँडवर आहे, हलतात ते फक्त त्यांचे ओठ आणि पळी. कॉडेक, म्हणजे एच.२६४ किंवा एच.२६५ सारखी व्हिडिओ दाबण्याची पद्धत, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठवतो, त्यामुळे अशा दृश्याला २ एमबीपीएससुद्धा चालतात. आता आत्यावर फुलांचा वर्षाव होतो तो क्षण घ्या. शंभर पाकळ्या, प्रत्येकीची दिशा वेगळी, मागे टाळ्या वाजवणारे हात, शालूची जर चमकते आहे. तिथे सगळी फ्रेमच नवी असते. बिटरेट कमी पडला की पाकळ्यांचे चौकोनी ठिपके होतात आणि आत्याचा चेहराही त्यांच्यात विरघळतो.

दुसरं कठीण दृश्य त्याच्या अगदी उलट, शांत. ८१ दिव्यांनी औक्षण करताना हॉलमधले दिवे मालवले होते. तबकाच्या उजेडात आत्याचा चेहरा आणि मागे हळूहळू गडद होत जाणारा काळोख. गडद भागातला तपशील डोळ्याला दिसणार नाही असं धरून एन्कोडर (फाइल दाबणारा प्रोग्रॅम) तिथे सढळ हाताने कात्री लावतो. मग ज्योतीभोवतीचा उजेड सलग न दिसता कांद्याच्या पाकळ्यांसारखी कडी दिसतात आणि काळोखात चौकोन वळवळतात. कार्यक्रमातलं सगळ्यात जिव्हाळ्याचं दृश्य सगळ्यात आधी बिघडतं.

म्हणून माझी पद्धत अशी: पूर्ण फिल्म एक्सपोर्ट करायच्या आधी फुलांचे वीस सेकंद आणि औक्षणाचे वीस सेकंद एवढाच तुकडा काढायचा, तोही तीन वेगवेगळ्या बिटरेटवर. मग खऱ्या यंत्रावर बघायचा. जिथे ही दोन दृश्यं टिकतात तिथे बाकीची फिल्म टिकतेच.

बिटरेट कसा सांगायचा याच्या दोन तऱ्हा आहेत. आकाराची मर्यादा नसेल तर ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ वापरा. हँडब्रेकमध्ये त्याला आरएफ म्हणतात, आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा. फुल एचडीला २० ते २४ चालतो, मी घरगुती सोहळ्यांना २० ठेवते. पाकळ्यांना जास्त, संकल्पाला कमी असं वाटप प्रोग्रॅम आपणच करतो. आकार ठरलेला असेल, तर मात्र ‘अ‍ॅव्हरेज बिटरेट’ आणि दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग. पहिल्या फेरीत तो फिल्म वाचतो, दुसऱ्या फेरीत वाटप करतो. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण मर्यादित जागेत तोच मार्ग खरा. ग्राफिक्स कार्डावरचं एन्कोडिंग फार वेगवान असतं, पण त्याच बिटरेटला चित्र थोडं उणं उतरतं. शेवटच्या प्रतीसाठी मी ते वापरत नाही. रात्री लावून झोपायचं.

टीव्ही आणि पेनड्राइव्ह

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून इथे सविस्तर.

कॉडेक एच.२६४. हा २००३ चा, त्यामुळे पेनड्राइव्ह घेणारा जवळपास प्रत्येक टीव्ही तो ओळखतो. एच.२६५ हा २०१३ चा, तेवढ्याच दर्जाला बराच कमी बिटरेट घेतो, पण जुन्या फुल एचडी टीव्हीला त्याचा गंध नसतो. टीव्ही फोरके असल्याची खात्री असेल तरच एच.२६५ वापरा. एच.२६४ ला प्रोफाइल ‘हाय’, लेव्हल ४.१ (फाइल यंत्राला किती जड जाईल याची ही मर्यादा). तुमची फिल्म ५० फ्रेमची असेल तर ४.२. रंग ८-बिट, ४:२:० (रंगाची माहिती थोडी कमी साठवणारा नेहमीचा प्रकार). १०-बिट किंवा ४:२:२ मधलं एच.२६४ टीव्हीची चिप सहसा उलगडू शकत नाही, आणि नावात एच.२६४ असूनही पडदा काळा राहतो. फाइल एमपी४, आवाज एएसी स्टीरिओ, ४८ किलोहर्ट्झ, १९२ केबीपीएस. कीफ्रेम (पूर्ण चित्र साठवलेली फ्रेम) दर दोन सेकंदांनी, म्हणजे २५ फ्रेमला ५० हा आकडा. मग रिमोटने पुढेमागे नेताना टीव्ही गोंधळत नाही.

आता पेनड्राइव्ह. दुकानातून आणलेले बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ असतात आणि त्यांच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. एक्सफॅट केला तर बसते, पण जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. आत्याचा टीव्ही तसाच जुना. म्हणून उलटा हिशेब केला: ४ जीबीत ६,००० सेकंद बसवायचे तर सगळं मिळून साधारण ५.३ एमबीपीएसची मर्यादा येते. मी चित्राला ५ ठेवले, आवाज धरून फाइल ३.९ जीबी झाली. ५ मध्ये औक्षण टिकेल का याची धाकधूक होती, पण दोन फेऱ्यांच्या एन्कोडिंगने टिकलं. फिल्म आणखी लांब असती तर बिटरेट खाली नेण्याऐवजी मी पूर्वार्ध-उत्तरार्ध असे दोन भाग केले असते. भोजनाआधी आणि भोजनानंतर, लोकांनाही ते सोपं पडतं.

फोनवरच्या उभ्या क्लिप नुसत्या पेनड्राइव्हवर टाकू नका. क्लिप उभी आहे ही खूण फाइलमध्ये वेगळी लिहिलेली असते आणि काही टीव्ही ती वाचत नाहीत, मग आजोबा आडवे पडलेले दिसतात. एकदा एडिटरमधून किंवा हँडब्रेकमधून काढली की क्लिप खरोखर उभी होते.

आणि मराठी अक्षरं! सबटायटल वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये (नुसत्या मजकुराची सबटायटल फाइल) दिली तर टीव्हीवर देवनागरीचा फार वेळा विचका होतो. कुठे नुसते चौकोन, कुठे जोडाक्षरं फुटून ‘सहस्र’चा पाय मोडलेला, कुठे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला. टीव्हीच्या फॉन्टमध्ये आपली लिपी जुळवण्याची सोय नसते. म्हणून पेनड्राइव्हच्या प्रतीत मराठी अक्षरं चित्रातच छापून टाका, ज्याला बर्न-इन म्हणतात. फॉन्ट युनिकोड घ्या, मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी चांगले दिसतात. प्रीमियर या एडिटिंग प्रोग्रॅममध्ये अक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा. शिरोरेषा बारीक असेल तर कमी बिटरेटवर ती तुटक दिसते, म्हणून एक पायरी ठळक वजन घ्या. नावं अगदी कडेला ठेवू नका, जुने टीव्ही चारही बाजूंनी थोडं चित्र कापतात. आत्याच्या बाबतीत ही नावं म्हणजे शोभेची गोष्ट नव्हती. साठ वर्षांपूर्वीच्या फोटोंखाली माहेरच्या माणसांची नावं होती, आणि ती तिने बोट ठेवून एकेक वाचली.

व्हॉट्सअ‍ॅप

व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत्येक फाइल व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा दाबतं. एचडीचा पर्याय निवडला तरी दाबतंच, फक्त कमी. तुम्ही फोरके दिलं काय आणि ७२० दिलं काय, पलीकडे पोचतं ते त्याच्या मापाचं. म्हणून त्याच्या मापाजवळचं आधीच नीट करून द्यावं: १२८० बाय ७२०, एच.२६४, २ एमबीपीएस, आवाज १२८ केबीपीएस. पाच मिनिटांचं औक्षण ८० एमबीत झालं. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर बाइटही न बदलता जसंच्या तसं जातं. तिथे मर्यादा २ जीबीची आहे, म्हणून लोक पूर्ण फिल्मच ढकलतात. ते करू नका. ज्यांचा रोजचा डेटा दीड जीबी आहे त्यांच्या फोनवर ती फाइल उतरत नाही, आणि उतरली तर जागा भरते.

एक जरूर तपासा: हेडफोन लावून दोन्ही कानांत आवाज येतो का. कॉलर माइकचा आवाज कधी कधी फक्त डाव्या बाजूला रेकॉर्ड होतो. टीव्हीवर ते कळत नाही, हेडफोनवर लगेच खटकतं. टाइमलाइनवर त्या क्लिपचा डावा चॅनल दोन्हीकडे भरला की काम झालं.

यूट्यूब

इथे आकाराची काळजी नको. यूट्यूब स्वतःच वेगवेगळ्या प्रती बनवतं, आपलं काम त्याला चांगला कच्चा माल द्यायचं. फुल एचडी २५ किंवा ३० फ्रेमला त्यांची शिफारस ८ एमबीपीएसची, ५०-६० फ्रेमला १२ ची, आणि फोरकेला ३५ ते ४५ ची आहे. मी फुल एचडीला १६ देते. पुन्हा दाबलं जाणार असेल तर मुळात जास्त दिलेलं बरं. शूटिंग फोरके असेल तर अपलोडही फोरकेच करा, बघणारा कमी रिझोल्यूशनवर बघत असला तरी. आवाज ३८४ केबीपीएस. हँडब्रेकमध्ये ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर खूण करा.

अकाउंट फोन नंबरने व्हेरिफाय केलेलं नसेल तर १५ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नाही. घरचा सोहळा ‘अनलिस्टेड’ ठेवा, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतो. आणि अपलोड संपल्यासंपल्या लिंक पाठवू नका. आधी कमी रिझोल्यूशनची प्रत तयार होते, एचडी नंतर. घाईने उघडणाऱ्याला धुरकट चित्र दिसतं आणि तो तेवढ्यावरच मत बनवून मोकळा होतो. तीनचार तास थांबा. इथे मराठी सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये चालतात, ती फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी नीट साठवणारी पद्धत) साठवलेली हवी. परदेशातल्या नातसुनेसाठी इंग्रजीचीही जोडता येते, तेव्हा यूट्यूबच्या प्रतीत सबटायटल छापू नका.

डीव्हीडी

हा हिशेब ठरीव आहे. एमपीईजी-२ (डीव्हीडीचा कॉडेक), पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, वाइडस्क्रीन. ४.७ जीबीच्या डिस्कवर १०० मिनिटं बसवायची तर सरासरी ५.५ एमबीपीएस ठेवा आणि कमाल ८. वर जाण्याची परवानगी ९.८ पर्यंत आहे, पण घरी बर्न केलेली डिस्क जुन्या प्लेअरमध्ये तिथे अडखळते. बर्निंगचा वेग कमीत कमी ठेवा. जुन्या टेपवरचं ५०आय चित्र (इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींचं, सेकंदाला ५० अर्धी चित्रं) असेल तर डीव्हीडीसाठी ते इंटरलेस्डच राहू द्या. फोन, यूट्यूब आणि पेनड्राइव्हच्या प्रतींसाठी मात्र डीइंटरलेस करा (ओळी जोडून पूर्ण फ्रेम करा), नाहीतर हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. हँडब्रेकमधला डीकॉम्ब त्याला पुरतो.

हॉलमधला प्रोजेक्टर

शाळा-हॉलमधले बरेच प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ किंवा १२८० बाय ८०० चे असतात. तरी फाइल फुल एचडीच न्या, १२ एमबीपीएस, एच.२६४, आणि पेनड्राइव्हवरून न चालवता लॅपटॉपच्या डिस्कवर कॉपी करून चालवा. खरी अडचण उजेडाची. दुपारी तीनला पडदे लावले तरी हॉल पूर्ण काळोखा होत नाही आणि गडद दृश्यं बुडून जातात. या प्रतीसाठी मी औक्षणाचा भाग टाइमलाइनवर थोडा उजळला आणि वेगळी प्रत काढली. टीव्हीवर तीच प्रत फिकी दिसली असती. पण त्या हॉलमध्ये मागच्या रांगेतल्या आजींनाही आत्याच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं.

देण्याआधी

प्रत्येक फाइल मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. कॉडेक, प्रोफाइल, ८-बिट, फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’, आवाजाचे चॅनल, एवढं एका नजरेत दिसतं. व्हीएलसीमध्ये चाललं म्हणजे टीव्हीवर चालेल असं समजू नका, व्हीएलसी जवळजवळ सगळंच चालवतो. शक्य असेल तर त्यांच्याच टीव्हीवर, नाहीतर तेवढ्याच जुन्या टीव्हीवर लावून बघा. सुरुवात, मधला भाग आणि शेवटची दोन मिनिटं. शेवट यासाठी, की आवाज सरकला असेल तर तिथे सगळ्यात जास्त सरकलेला असतो.

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि छोटं ठेवा. काही टीव्ही देवनागरी नावाच्या जागी चौकोन दाखवतात आणि कोणती फाइल कोणती ते कळत नाही. पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढा. मास्टर दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. आत्याच्या पेनड्राइव्हवर मी एकच फाइल ठेवली, फोटो नाहीत, फोल्डर नाही. रिमोटवर ‘ओके’ एकदा दाबलं की फिल्म सुरू.